चौकटीतला आवाज

लोह्याच्या आमच्या घराजवळ बाभळीवर सोनकिडे आले की आईला ते झाडाकडे न बघताच कळायचं, कारण घरातल्या काड्यापेट्या नाहीशा व्हायला लागायच्या. काड्या तेवढ्या चुलीजवळच्या कोनाड्यात ओतून ठेवलेल्या आणि पेट्या माझ्याकडे. पेटीत बाभळीचा पाला घालायचा, हिरव्या झळाळीचा तो किडा आत सोडायचा आणि दप्तरातून शाळेत न्यायचा, हे आमच्याकडं सगळीच पोरं करायची. पण बाकीच्यांचा नाद पाऊस सरला की सरायचा. माझा सरला नाही. मेलेला सोनकिडा फेकवेना, म्हणून मी तो टाचणीला लावून ठेवला, मग त्याच्या शेजारी शेणातला काळा भुंगेरा ठेवला, मग दोघांच्या पायांत फरक का असा प्रश्न पडला, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. आई म्हणायची, पोरगी हातची गेली. वडील हायस्कुलात मास्तर. त्यांनी मात्र नांदेडहून मला एक भिंग आणून दिलं. त्यांचा हिशेब सरळ होता, आज किडे तपासती, उद्या माणसं तपासील. त्या हिशेबानं दहावीनंतर माझी रवानगी लातूरला आत्याकडं झाली, डॉक्टर व्हायला.

तेव्हा लातूरला शिकायला जायचं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. बिलोलीपासून निलंग्यापर्यंतची हुशार म्हणून गणली गेलेली पोरं ट्रंका आणि गाद्या घेऊन एसटीतून उतरत होती. आत्याच्या गल्लीत जो तो घरावर पत्र्याच्या खोल्या चढवत होता. दारोदार पाट्या लागल्या होत्या, ‘मुलींसाठी रूम’, ‘घरगुती मेस’. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनीही मागच्या अंगणाकडे घाईघाईनं एक मोठं स्वयंपाकघर बांधून घेतलं आणि आत्या वरच्या खोल्यांत राहणाऱ्या डझनभर पोरींना जेवू घालू लागली. सागवान परवडेना म्हणून दाराची चौकट आंब्याची घातली, तीही नीट न वाळलेली. सुतार म्हणाला होता, अजून थोडं थांबा. पण थांबायला तेव्हा लातुरात कुणालाच सवड नव्हती.

आत्याच्या हातचं येसर मी पुढं कुठंच खाल्लं नाही. बाजरी, हरभरा, धने, लाल मिरच्या भाजून दळलेलं ते पीठ, त्याची उकळती आमटी, ज्वारीची भाकरी आणि वर शेंगदाण्याची चटणी. पोरी डोक्यात सूत्रं घोळवत जेवायच्या आणि आत्या त्यांच्या ताटाकडं बघत उभी राहायची. ‘पुस्तक ठिव खाली. भाकर काय फिजिक्स हाय का पाठ करायला?’ म्हणायची. ती अंगानं भरलेली, आवाजानं मोठी आणि मनानं त्याहून मोठी बाई होती. तिला मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल ती एक अक्षर बोलत नसे. माझ्यावर तिचा जीव होता. माझ्या किड्यांवर मात्र नव्हता. ‘मेलेलं घरात ठिवू न्हाई, कुंदे,’ एवढंच तिचं म्हणणं. त्यामुळं माझे मिठाईचे खोके, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट, जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत राहायचे.

आणि गंमत अशी की मला एवढे किडे लोह्यात कधी मिळाले नव्हते. पहाटे आमचे क्लास असायचे आणि प्रत्येक क्लासच्या पाटीवर रात्रभर ट्यूबलाइट जळायची. सकाळी त्या पाट्यांखाली पावसाळ्यात अक्षरशः सडा पडलेला असायचा, हुमणीचे तपकिरी भुंगेरे, डोक्यावर शिंग असलेला गेंड्या, पाण्यात राहणारे आणि उजेडाला फसून रस्त्यावर आपटलेले चपटे काळे. मी वहीच्या आधी खोका काढायची. चिठ्ठीवर सापडल्याची जागा लिहायची असते, हे मला कुठून तरी कळलं होतं. म्हणून माझ्या चिठ्ठ्यांवर ‘गणिताच्या पाटीखाली’, ‘केमिस्ट्रीच्या पाटीखाली, उताणा’ असं लिहिलेलं आहे. आजही त्यातल्या काही चिठ्ठ्या माझ्याजवळ आहेत. माझे विद्यार्थी त्या वाचून हसतात. हसू देत. जीवशास्त्राच्या पाटीखाली कायम सगळ्यांत कमी किडे पडायचे, कारण त्या सरांची ट्यूब लुकलुकायची.

बारावीच्या वर्षी महालक्ष्म्यांना सरूअक्का आल्या होत्या. त्या मामांच्या धाकट्या बहीण, औशाकडच्या एका खेड्यात दिलेल्या. आत्या त्यांना वन्सं म्हणायची, पण दोघींचं नातं नणंद-भावजयीचं कमी आणि मैत्रिणींचं जास्त होतं. पुरणाचं वाटण चालू असताना दोघी एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करून हसत होत्या. आंब्याची ती नवी चौकट बसवली तेव्हा तिची पूजाही माहेरवाशीण म्हणून सरूअक्कांनीच केली होती. दरवेळी येताना त्या चौकटीला हळदीकुंकवाचं बोट लावून मगच आत यायच्या. तेव्हाही लावलं. चार दिवस राहून त्या परत गेल्या. आणि गणपती बुडवून लोक झोपले त्या पहाटे जमीन हलली.

त्या पहाटेबद्दल खूप लिहून झालं आहे, त्यात मी भर घालत नाही. आम्ही वाचलो. आमच्या घराला दोन भेगा पडल्या, त्या गवंड्यानं बुजवल्या. सरूअक्कांचं घर दगड-मातीचं, वर लाकडांवर मातीचं जाडजूड माळवद. ते घर राहिलं नाही आणि त्याही राहिल्या नाहीत. मामा जाऊन, सगळं करून परत आले आणि अंगणातल्या हौदापाशी बसून राहिले. आत्या त्यांच्याशेजारी बसली. ती रडली नाही. गल्लीतल्या बाया भेटायला आल्या, त्यांच्या गळ्यात पडूनही ती रडली नाही. बाया आपसांत म्हणाल्या, हिचं काही खरं न्हाई.

सगळं लातूर तेव्हा बाहेर झोपत होतं, मैदानात, अंगणात, ताडपत्र्यांखाली. भूकंपानं लोकांचे कान मोठे केले होते. कुणी खाट सरकवली तरी माणसं उठून उभी राहायची. मग दिवाळी गेली, क्लास सुरू झाले, पोरी परत आल्या, गल्लीतले लोक एकेक करून घरात गेले. आत्या गेली नाही. तिनं अंगणात तीन दगड मांडून चूल केली आणि ताडपत्रीखाली संसार थाटला. आतून काही हवं असलं की मी आणून द्यायची. थंडी वाढली, तिला खोकला लागला, रात्री तिची छाती बाहेरपर्यंत वाजायची. डॉक्टरांनी सांगितलं, उघड्यावर राहू नका, फुप्फुसाला धरेल. मामा हात जोडायचे तेवढे राहिले होते.

‘गवंडी बघून गेला, इंजिनेर बघून गेला. आता आणखी कुणाला आणू?’ ते म्हणायचे.

‘कुणाला आणू नका. घर बोलून राहिलंय,’ आत्या म्हणायची.

सुरुवातीला आम्हांला वाटलं, दुःखानं असं बोलते. एका दुपारी भाकरी थापता थापता ती मला सगळं बोलली. भूकंपानंतर आठवड्याभरानं ती हळद आणायला आत गेली होती, तेव्हा तिला चौकटीजवळ आवाज आला होता. कुर्रर, कुर्रर. थांबून थांबून. ‘अन् महालक्ष्म्याला आल्या तवा वन्सं काय म्हणल्या ठावं हाय का तुला? म्हणल्या, वैनी, आमच्या घरात दुपारच्याला वरून आवाज येतोय. कुर्रर कुर्रर करतंय. भ्या वाटतंय. मी हसले गं कुंदे. म्हणलं, उंदरं असत्याल, झोपा गुमान. घर सांगून राहिलं होतं त्यायला, अन् मी उंदरं म्हणले.’ तव्यावरची भाकरी करपली तरी ती उलटीना. मी उलटली. आता हे घरबी सांगून राहिलंय, म्हणाली, आता न्हाई मी हसणार.

‘काही नसतं गं आत्या’ एवढं म्हणणं सोपं होतं, पण तेच तर ती सरूअक्कांना म्हणाली होती. त्या दुपारी क्लास बुडवून मी एकटी आत गेले आणि चौकटीला पाठ टेकून बसले. भीती मलाही वाटत होती, ते लपवून काय करू? बराच वेळ काही नाही. मग कलत्या दुपारचं ऊन दारावर आलं, लाकूड पाठीला कोमट लागायला लागलं, आणि ऐकू आलं. आत्या खोटं बोलत नव्हती. दातानं वाळकी भाकरी खावी तसा तो आवाज होता. आधी तो कधी ऐकू आला नसेल असं नाही, पण डझनभर पोरींच्या गोंगाटात आणि स्टोव्हच्या घरघरीत कोण ऐकतंय?

माझ्या हातून न कळत लाकडावर टकटक झाली आणि आवाज थांबला. मी श्वास धरून बसले. जरा वेळानं तो दबकत दबकत पुन्हा सुरू झाला. पुन्हा टकटक केली, पुन्हा थांबला. माझ्या अंगावर जो काटा आला तो भीतीचा नव्हता. तडकणारं लाकूड टकटक केल्यानं थांबत नाही. ते जे काही होतं ते जिवंत होतं आणि मला घाबरत होतं. स्टीलचा पेला लाकडाला लावून त्याच्या बुडाला कान देऊन मी चौकट खालून वर ऐकत गेले आणि जिथं सगळ्यांत मोठं ऐकू आलं तिथं खडूनं गोल काढला.

आता खरी अडचण होती ती आत्याला चौकटीपर्यंत आणायची. पण चौकटीचं एक बरं असतं, ती जितकी आत असते तितकीच बाहेरही असते. दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर मी तिला म्हटलं, ‘आत येऊ नको. अंगणातच उभी राहा आणि हात लाव नुसता.’ तिनं कितीतरी वेळ पदर चाळवला. मग आली. मी तिचा हात धरून गोलावर ठेवला. आवाज चालू झाला तशी ती मागं सरकली.

‘वाजीव,’ मी म्हणाले. ‘बोटानं वाजीव.’

तिनं वाजवलं, बांगड्या किणकिणल्या, आणि आतला आवाज गप्प झाला. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. पुन्हा आवाज, पुन्हा तिनं वाजवलं, पुन्हा शांत. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी शेवटी ती लाकडाला कान लावूनच उभी राहिली.

‘ऐकून राहिलंय ते आपल्याला,’ ती हळूच म्हणाली. ‘काय हाय गं आत?’

‘किडा आहे, आत्या. अळी म्हण. लाकूड खातीये.’

‘दाव.’

दाखवायचा तर चौकट फोडावी लागणार होती. मामा पटाशी आणि हातोडी घेऊन आले, पण आत्यानं त्यांचा हात धरला. उभ्या चौकटीला घाव घालू नये असं आमच्याकडं मानतात, आणि ही तर सरूअक्कांनी पुजलेली. खडूच्या गोलाच्या वरच त्यांचं शेवटचं हळदीचं बोट होतं, पुसट झालेलं. मामा बहिणीच्या त्या बोटाकडं बघत उभे राहिले आणि मला वाटलं, संपलं, आता कुणीच ही चौकट फोडणार नाही. आत्यानंच मला करंडा आणायला पाठवलं. तिनं चौकटीला ताजं हळदीकुंकू लावलं, पदर पसरून नमस्कार केला, म्हणाली, ‘वन्सं, रागवू नका. बघतो अन् परत बुजवतो,’ आणि बाजूला सरून मामांना म्हणाली, ‘हाणा.’

आंब्याचं लाकूड मऊ. ढलप्या निघत गेल्या. बोटभर खोल गेल्यावर भुग्यानं गच्च भरलेली वाट लागली आणि त्या वाटेच्या टोकाला तो सापडला. फिकट पिवळट, करंगळीच्या पेराएवढा, डोक्याकडं जाड आणि शेपटीकडं निमुळता, पाय जवळजवळ नसल्यातच जमा. तोंडाला दोन काळे बारीक जबडे. एवढा आवाज तेवढ्या जबड्यांचा होता. मी तो अलगद काढून तळहातावर घेतला. ओल्या लाकडाबरोबर हा बहुधा अंड्यातच आमच्या घरी आला असणार. पुढच्या पावसाळ्यात आंब्याच्या ढलपीत जपलेल्या त्याच किड्याचा, अंगाहून लांब मिशांचा एक तपकिरी भुंगेरा झाला. त्याचं नाव शोधायला मला नांदेडच्या वाचनालयातली जाडी पुस्तकं उलथीपालथी करावी लागली. मी डॉक्टर झाले नाही, किड्यांचीच मास्तरीण झाले, त्याचं मूळ लोक मला विचारतात. मी सोनकिड्याचं सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

आत्या उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली आणि माझ्या तळहाताकडं बघत राहिली. मामा पटाशी धरून उभेच. किडा उन्हात वळवळला.

‘एवढुसा,’ आत्या म्हणाली. ‘ह्यो?’

‘हाव,’ मी म्हणाले. तिच्याशी बोलताना मीही तिच्यासारखीच बोलायला लागायची. ‘उन्हानं लाकूड तापलं की ह्याला भूक लागती. म्हणून दुपारचाच आवाज येतोय.’

मला वाटलं, आता ती सुटकेनं हसेल. पण तिचा चेहरा बदलला. माझं शेवटचं वाक्य तिनं पकडलं होतं आणि मला ते तिच्या डोळ्यांत बघून कळलं.

‘वन्संबी दुपारचाच म्हणल्या होत्या,’ ती म्हणाली.

मामांनी पटाशी खाली ठेवली.

‘तेबी असलंच असंल का गं, कुंदे? घर सांगत नसंल त्यायला, असंच कायतरी कुरतडत असंल?’

मी सतरा-अठरा वर्षांची होते. ‘हो’ म्हटलं असतं तर तिची छाती तिथंच हलकी झाली असती. पण खोक्यांतल्या चिठ्ठ्यांवर मी न पाहिलेल्याचं नाव कधी लिहिलं नव्हतं, आणि तिनं मला विचारलं होतं ते काही भाची म्हणून नाही. घरात मेलेलं ठेवू नको म्हणणारी माझी आत्या मला किड्यांतली जाणती म्हणून विचारत होती.

‘माळवदाच्या लाकडात असले किडे लई असतात, आत्या,’ मी म्हणाले. ‘दुपारचा आवाज त्यांचाच असतो बहुतेक. पण ते घर मी बघितलं न्हाई. आता बघायलाबी न्हाई. नक्की सांगता यायचं न्हाई मला.’

गल्लीत कुणाचा तरी कुकर वाजला, वरच्या खोलीत पोरी काहीतरी घोकत होत्या.

‘नक्की नको सांगू,’ ती म्हणाली. ‘नक्की कोण सांगतंय? असंल, एवढं म्हण.’

‘असंल, आत्या.’

‘मंजी मी लई खोटं न्हाई बोलले त्यायला.’

‘न्हाई.’

‘उंदरं म्हणले. किडा म्हणायला पायजे होतं.’ आणि ती हसली, ओठ कापत होते तरी हसली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फुटलेल्या चौकटीला धरून आत गेली. इतक्या महिन्यांनंतर तिचं पाऊल त्या फरशीवर पडलं. ती चुलीच्या ओट्यापर्यंत गेली, त्याच ओट्यापर्यंत जिथं दोघी पुरण वाटत बसल्या होत्या, आणि तिथं खाली बसून तिनं हंबरडा फोडला. ‘वन्सं गं, माझ्या वन्सं,’ म्हणत ती रडायला लागली. वरच्या पोरी जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हातानंच परत पाठवलं. बहिणीला माती देऊन आल्यापासून कोरडे राहिलेले मामा आत गेले, तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले, आणि तेही रडले.

मी चौकटीपाशी बाहेरच थांबले. तळहात उन्हात आला की किडा वळवळायचा, म्हणून दुसऱ्या हाताची सावली धरून उभी होते. बऱ्याच वेळानं आतून आत्याचा घोगरा आवाज आला, ‘कुंदे, त्याला ठिव कुठंतरी नीट अन् हात धुऊन आत ये. आज आतच जेवू.’